इंग्रजी कविता वर्गात शिकवताना तुम्ही नेमकं काय वापरता?

खडूची पूड

नमस्कार मंडळी,

आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. गद्याचं कसंबसं निभतं. कवितेशी आलं की गाडी अडते.

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य इतक्यांदा वाचलंय की झोपेतही म्हणून दाखवीन: 'द पोएट हॅज यूज्ड सिमिली टू मेक द पोएम ब्यूटिफुल.' चूक म्हणावं तर चूक नाही. बरोबर म्हणावं तर गुण कशाचे द्यायचे? कविता बदलली तरी वाक्य तेच राहतं, फक्त सिमिलीच्या (उपमा) जागी मेटाफर (रूपक) येतं. मुलं 'लाइक' आणि 'अ‍ॅज' हुडकण्यात पटाईत झाली आहेत. दिसला की खाली रेघ, की हात वर. त्या रेघेचं पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

साहित्याला तोटा नाही. लॅपटॉपवर 'पोएट्री' नावाचा एक फोल्डर आहे. अलंकारांचे तक्ते, रंगीत फ्लॅशकार्डं, रिकाम्या जागा भरा छापाच्या वर्कशीटी, कुणाकुणाकडून आलेल्या पीपीटी असा सगळा ऐवज त्यात आहे. हल्ली तो उघडायचीच भीती वाटते.

हा धागा काढायचं कारण वेगळं. मागे एकदा रॉबर्ट फ्रॉस्ट या कवीची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग' घेतली. नेटवरून उतरवून प्रिंट काढल्या, त्या कमी पडल्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशी घाईघाईत काढल्या, दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवरून. वर्गात वाचन चालू असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, माझ्या कागदात एक स्वल्पविराम जास्त आहे."

मी नेहमीच्या सवयीने "टायपिंगची चूक असेल" म्हणून पुढे जाणार होते. पण ओळ होती 'द वुड्स आर लव्हली, डार्क अँड डीप'. निम्म्या वर्गाकडे 'लव्हली'नंतर एकच स्वल्पविराम, उरलेल्यांकडे 'डार्क'नंतर आणखी एक. फळ्यावर दोन्ही लिहिल्या आणि विचारलं, काही फरक पडतो का?

वीस मिनिटं भांडण झालं. शेवटी मुलांनीच काढलं की दोन स्वल्पविराम असतील तर जंगलाचे तीन सुटे सुटे गुण होतात: सुंदर, काळोखं, खोल. एकच असेल तर ते काळोखं आणि खोल आहे *म्हणून* सुंदर आहे. मग तिथे थांबलेल्या माणसाबद्दल वेगळीच शंका येते. एक जण म्हणाला, "मॅडम, त्याला घरी जायचंच नाहीये."

घरी येऊन शोधलं. कविता 1923ची, आणि फ्रॉस्टचा स्वल्पविराम एकच होता. दुसरा तो गेल्यानंतर, 1969च्या संकलित आवृत्तीत संपादकाने घातला, आणि त्यावरून अभ्यासक आमच्या नववीइतकेच भांडले आहेत.

त्या तासाला ना तक्ता लागला ना फ्लॅशकार्ड. दोन प्रिंटांतला एक ठिपका पुरला. तर विचारायचंय हे की अशा आणखी जोड्या कुणाला माहीत आहेत का? आणि एरवी तुम्ही वर्गात काय वापरता?

---

मुक्तछंदी

पूडताई, भारी धागा. वाचनखूण साठवली आहे.

जोडी हवी असेल तर बाहेर शोधायलाच नको, एका कवितेच्या पोटातच आहे. ब्लेकची 'द टायगर' (1794). सहा कडवी. पहिलं आणि शेवटचं जवळजवळ जसंच्या तसं, आणि बहुतेक मुलं (आणि काही शिक्षक, असो) ते ध्रुवपद समजून सोडून देतात. एकच शब्द बदललाय. पहिल्या कडव्यात '*कुड* फ्रेम दाय फिअरफुल सिमेट्री', शेवटच्यात '*डेअर* फ्रेम'.

मी ही कविता देताना शेवटच्या कडव्यातला तो शब्द खोडून देतो. मुलं डोळे मिटून 'कुड' भरतात. मग खरा शब्द सांगायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड, सवयीने तोंड उघडतंच.

दुसरं साधन म्हणजे चित्र. ब्लेक स्वतः कोरीवकाम करणारा, कविता आणि चित्र एकाच ताम्रपटावर कोरून छापायचा आणि हाताने रंगवायचा, त्यामुळे प्रत्येक प्रतीचे रंग वेगळे. 'विल्यम ब्लेक आर्काइव्ह' नावाच्या साइटवर (1996पासून आहे, फुकट आहे) वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. आणि गंमत अशी की कवितेत जळजळीत भय, पण चित्रातला वाघ अगदीच गरीब, एखाद्या प्रतीत तर कापसाच्या खेळण्यासारखा. 'कवितेतला वाघ आणि चित्रातला वाघ एकच आहे का?' एवढा एक प्रश्न एका तासाला पुरतो.

---

तासिका सातवी

थोडं उलट बोलते.

असे तास छान होतात, पण ते आपोआप होतात का? तुमच्या वर्गात तो मागच्या बाकावरचा मुलगा होता म्हणून झाला. चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटं असतील तेव्हा हातात काही तरी चौकट लागते. मी टीपीकास्ट वापरते: आधी शीर्षकावरून अंदाज, मग कवितेचा सरळ अर्थ आपल्या शब्दांत, शब्दांच्या छटा, बोलणाऱ्याचा सूर, वळण, पुन्हा शीर्षक, आणि शेवटी आशय. सात पायऱ्या आहेत. कच्च्या मुलालाही पुढे काय करायचं ते कळतं. कोऱ्या कागदाकडे बघत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

---

खडूची पूड

@तासिका सातवी, चौकट नको असं म्हणणं नाही. माझी तक्रार अशी की सातही पायऱ्या प्रत्येक कवितेला लावल्या की मुलं कविता वाचायची सोडून तक्ता भरतात. मी तो तक्ता दोन वर्षं भरून घेतलाय, 'सूर' या रकान्यात वर्गातल्या निम्म्या मुलांनी 'सॅड' लिहिलेलं असायचं. विनोदी कवितेलासुद्धा!

पण त्यातली 'वळण' ही पायरी मात्र सोन्यासारखी आहे. कविता कुठे कूस बदलते ते एका बोटाने दाखव, आणि तिथे कुठला शब्द आहे ते सांग. 'बट', 'येट', 'देन', कधी नुसती मोकळी ओळ. जे मूल वाक्य लिहू शकत नाही तेसुद्धा बोट ठेवू शकतं.

---

बाराखडी

इथे सगळे कागदावरच बोलताहेत म्हणून लिहितोय. कविता ऐकवता का कुणी?

आपल्या मुलांचा मोठा घोटाळा आघातात आहे. मराठी पद्य आपण लघु-गुरूवर मोजतो, म्हणजे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ. इंग्रजीत मोजायचं ते जोर कुठल्या अक्षरावर पडतो यावर. आपली मुलं सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतात, मग 'आयँबिक' (एक हलका, एक जड अशी चाल) हा शब्द पाठ करण्यापलीकडे काही उरत नाही. मी सुरुवात कवितेपासून करतच नाही. 'प्रेझेंट' हा शब्द घेतो. भेटवस्तू असेल तर जोर पहिल्या अवयवावर, सादर करणं असेल तर दुसऱ्यावर. शब्द तोच, जोर सरकला की नामाचं क्रियापद. हे कळलं की चेहरे उजळतात.

मग पूडताईंचीच कविता. पहिली ओळ, 'हूज वुड्स दीज आर आय थिंक आय नो'. आठ शब्द आणि आठच अवयव, एकही शब्द अवघड नाही. बाकावर बोटाने ठोका द्यायचा: हलका, जड, हलका, जड. चार जड ठोके. दोन कडवी झाली की वर्ग घोड्यावर बसल्यासारखा डुलायला लागतो, आणि कवितेत घोडा आहेच.

तिची यमकंही फळ्यावर रंगीत खडूने काढून बघा. पहिल्या कडव्यात तिसरी ओळ एकटी पडते, आणि तिचंच यमक पुढचं कडवं उचलतं. साखळीची कडी असते तशी. शेवटच्या कडव्यात कडी पुढे जात नाही, चारही ओळींचं यमक एकच आणि त्यातल्या शेवटच्या दोन तर एकच ओळ दोनदा. चालणारा माणूस थांबला की झोपला, हे तिथून काढता येतं.

ऐकण्यासाठी दोन ठिकाणं. लिबरीव्हॉक्सवर स्वामित्वहक्क संपलेल्या कविता स्वयंसेवकांनी वाचलेल्या आहेत. एकाच कवितेची चार-पाच वाचनं मिळतात हा फायदा. दोन वेगळी वाचनं लावा आणि विचारा, कोणाला कविता कळली आहे? दुसरं 'पोएट्री आर्काइव्ह'. तिथे कवींच्या स्वतःच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत. इशारा: कवी स्वतः चांगलं वाचतोच असं नाही. तेही शिकण्यासारखंच.

---

शंकासुर

सगळं वाचलं. एकच शंका. परीक्षेत हे विचारतात का?

'फाइंड द फिगर ऑफ स्पीच' याला गुण आहेत. स्वल्पविरामावर वीस मिनिटं घालवली आणि मुलाला परसॉनिफिकेशनचं (वस्तूला माणसासारखं दाखवणं) स्पेलिंग आलं नाही तर पालक येणार ते माझ्याकडे. माझ्या पहिल्या शाळेत कवितेचा तास असा 'वाया घालवला' म्हणून मला केबिनमध्ये बोलावून समज दिली होती. तेव्हापासून मी तक्तेवाला झालो. दोष देऊ नका.

---

पाटीपेन्सिल

शंकासुर, दोष कोण देतंय! पण अलंकार शिकवायचा म्हणजे त्याचं नाव सांगून सोडून द्यायचं असं थोडंच आहे? माझ्या हातात बसलेलं एक उदाहरण देते.

वर्डस्वर्थची डॅफोडिल्स. कुणाच्या ना कुणाच्या पाठ्यपुस्तकात ती असतेच. 'डान्स' शब्दाखाली रेघ, परसॉनिफिकेशन, एक गुण. झालं? आता पुढचं बघा.

त्याची बहीण डोरोथी रोजनिशी लिहायची. 15 एप्रिल 1802च्या नोंदीत हीच फुलं आहेत. त्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, त्या दिवशी दोघं बरोबर होती, आणि दोनेक वर्षांनी कविता लिहिताना हा 'लोनली' झाला, बहीण गायब. ही गोष्ट सांगितली की मुली चवताळतात, तेवढ्यावरच दहा मिनिटं जातात. मी जाऊ देते. तिथून 'कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे' हा मुद्दा एका वाक्यात पोचतो, एरवी मी तो वर्षानुवर्षं सांगून थकले होते.

दोन, डोरोथीच्या नोंदीत काही फुलं दमून दगडावर उशीसारखी मान टेकून पडली आहेत आणि बाकीची झुलताहेत, नाचताहेत. म्हणजे फुलांना माणूस तिनेही केलं. कवितेत नाचणारी तेवढी आली, दमलेली आली नाहीत. का नाही घेतली? हा प्रश्न परसॉनिफिकेशनचाच आहे, शंकासुर, पण त्याचं उत्तर देताना मुलाला अख्खी कविता पुन्हा वाचावी लागते.

आणि पूडताई, तुमच्या जोड्यांसाठी: 1807 साली ती छापली तेव्हा फुलं 'डान्सिंग डॅफोडिल्स' होती, कडवी तीनच. 1815च्या आवृत्तीत ती 'गोल्डन' झाली आणि ताऱ्यांचं कडवं नव्याने आलं. दोन्ही रूपं एका पानावर द्या आणि विचारा, सुधारली की बिघडवली? माझ्या वर्गात दर वर्षी 'बिघडवली'वाले निघतात, आणि त्यांची बाजू कच्ची नसते. त्यांचं म्हणणं, सोनेरी तर कुणालाही दिसतं, नाचणं त्याला एकट्याला दिसलं होतं.

(अवांतर: त्या कवितेतल्या 'इनवर्ड आय'च्या ज्या दोन ओळी सगळे वाखाणतात त्या त्याच्या बायकोच्या, मेरीच्या. त्यानेच सांगून ठेवलंय. म्हणजे फुलं बहिणीच्या वहीत, उत्तम ओळी बायकोच्या, आणि हा एकटा ढगासारखा फिरतोय.)

---

शंकासुर

अवांतर वाचून हसलो. रोजनिशीची युक्ती करून बघतो. स्पेलिंग मात्र पाठ करून घेणारच.

---

नवशिकी

पहिलंच वर्ष आहे शिकवायचं. माझी मुलं इंग्रजी वाचतानाच अडखळतात, विश्लेषण फार दूरची गोष्ट. त्यांच्यासाठी काही? आणि नेटवरून कविता छापून वाटल्या तर चालतं का?

---

बाराखडी

छापण्याबद्दल: जुन्या कवींच्या कविता खुल्या असतात, प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून बिनधास्त घ्या. हयात किंवा अलीकडच्या कवींच्या बाबतीत मुदत देशोदेशी वेगळी आहे, तिथे अख्खं पुस्तक झेरॉक्स करू नका, पडद्यावर मूळ पान उघडून दाखवा.

अडखळणाऱ्यांसाठी विल्यम कार्लोस विल्यम्सची लाल ढकलगाडीची कविता, 'द रेड व्हीलबॅरो', 1923. कवी पेशाने डॉक्टर. कविता सोळा शब्दांची. सोळाच! एका ओळीत तीन शब्द, खाली एक, असं चारदा. मी ती आधी एका सरळ वाक्यात फळ्यावर लिहितो आणि सांगतो, ही तोडा. हव्या तिथे ओळ मोडा, कारण मात्र सांगावं लागेल. मुलं कात्रीने शब्द कापून वहीत चिकटवतात. मग मूळ दाखवायची. त्याने 'व्हीलबॅरो' हा शब्दच मधे मोडलाय, वर 'व्हील', खाली 'बॅरो'. 'रेनवॉटर'चंही तेच. "असं करायला परवानगी असते?" हा प्रश्न येतोच. असते.

---

मुक्तछंदी

नवशिकी, तुमच्यासाठी आणखी एक. कवीचं नाव झाकून कविता द्या. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना नावं न सांगता कविता वाटल्या, त्यांची मतं लिहून घेतली आणि 1929 साली त्यावर पुस्तक काढलं. चांगले शिकलेले विद्यार्थी, पण भल्याभल्या कवितांना नावं ठेवून बसले, सुमारांवर भाळले. कविता वाचण्याऐवजी ठरीव प्रतिक्रिया देत होते. आपली 'मेक द पोएम ब्यूटिफुल'वाली मुलं एकटी नाहीत, एवढा दिलासा पुरे.

---

खडूची पूड

शंकासुर यांच्या परीक्षेच्या प्रश्नावर मी बरेच दिवस घुटमळत होते. बोलणं छान होतं, वहीत मात्र पुन्हा तेच वाक्य. मुद्दा-पुरावा-स्पष्टीकरण ही परिच्छेदाची चौकट देऊन पाहिली. 'स्पष्टीकरण' या जागी मुलं पुराव्याचंच भाषांतर लिहितात.

मग एकच वाक्याचा साचा दिला: 'इफ द पोएट हॅड रिटन अमुक इन्स्टेड ऑफ तमुक, वी वुड हॅव लॉस्ट...' आणि पुढची जागा मोकळी. या साच्यात अलंकाराचं नाव घ्यावंच लागत नाही, पण शब्द मात्र उचलून दाखवावा लागतो. 'ब्यूटी' लिहून सुटका होत नाही, कारण मी लगेच विचारते, कसली ब्यूटी, दुसऱ्या शब्दात ती का नव्हती?

दुसरा फायदा लक्षात यायला आठवडा गेला. हे तर व्याकरणाच्या तासातलं थर्ड कंडिशनल! 'जर मी लवकर निघालो असतो तर गाडी मिळाली असती' या धड्यावर मी दर वर्षी घसा कोरडा करायचे, आणि आता तेच वाक्य मुलं रोज पाच वेळा लिहिताहेत, कारण त्यांना काही तरी म्हणायचं आहे. पहिल्या दिवशी निम्म्यांनी 'इफ द पोएट वुड हॅव रिटन' लिहिलं. फळ्यावर एकदा दुरुस्त केलं. पुढच्या वेळी चार-पाचच उरले.

---

तासिका सातवी

हा साचा मी उचलते आहे. सात पायऱ्यांच्या शेवटी ठेवते. (हो, पायऱ्या राहणारच.)

एक विचारायचं होतं. हल्ली गृहपाठात मोबाइलवरून तयार करून आणलेली रसग्रहणं येतात. भाषा इतकी गुळगुळीत की मलाच शब्दकोश लागतो. काय करता?

---

मुक्तछंदी

मी ती वर्गात वाटतो. मीच एक तयार रसग्रहण काढून घेतो, कवितेसोबत देतो आणि सांगतो, यातल्या ज्या वाक्याला कवितेतली ओळ सापडत नाही त्यावर काट मारा. 'कवी निसर्गाचं गूढ सौंदर्य उलगडतो', कुठल्या ओळीत? नाही? काट. पहिल्यांदा केलं तेव्हा पानावर फार थोडं शिल्लक राहिलं. मुलांना इतरांचं लाल करायला फार आवडतं, त्या आवडीचा उपयोग करून घ्यायचा.

गाईडमधल्या उत्तरांवरही हीच शस्त्रक्रिया चालते.

---

खडूची पूड

'द टायगर' घेतली. मुक्तछंदींनी सांगितलं तसं शेवटच्या कडव्यातला शब्द खोडून. सगळ्यांनी 'कुड' भरलं, अपेक्षेप्रमाणे. मी फळ्यावर 'डेअर' लिहिलं आणि गप्प बसले. खरंच अवघड आहे हो ते. दोन मिनिटं घड्याळाकडे बघत काढली.

पहिला हात एका मुलाचा. म्हणाला, 'डेअर' मधल्या कडव्यांतही आलंय, दुसऱ्यातच दोनदा. मी ही कविता इतकी वर्षं शिकवतेय, मोजलं नव्हतं. पुस्तक उघडून बघितलं, आहे.

मग एक मुलगी, जी वर्गात सहसा बोलत नाही, ती मराठीतच म्हणाली, "पहिल्यांदा विचारतोय, तुला जमेल का. वाघ सगळा बघून झाल्यावर विचारतोय, जमत असलं तरी करशील का?"

तिला म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिही. घंटा होईपर्यंत खाडाखोड चालली होती. शेवटी वही आणून दिली, त्यात एवढंच: 'फर्स्ट कुड इज अबाउट हँड. देन डेअर आस्क इज ही नॉट अफ्रेड.'

'आस्क'चा एस राहिलाय. तो उद्या सांगेन.